जिनातला विसावा

कामाची आखणी माणसाला पेलेल अशी असावी, म्हणजे कामही नीट होते आणि माणूसही टिकतो, हा विचार आज व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. मराठी समाजाच्या इतिहासात मात्र तो बराच आधी भेटतो. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्ताला मदत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली.

या गिरण्यांना लागणारा कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाकडे वळले की चित्र बदलते. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा छोटा लोहमार्ग सुरू झाला तो कापसासाठीच. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेला खामगाव तालुका १९०५ मध्ये बुलढाण्यात आला. सरकी वेगळी करणारी जिने आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस हंगामापुरतेच चालत. १८८१ च्या कारखाना कायद्याने वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले होते. हंगाम छोटा म्हणून दिवस कितीही लांबवावा, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ. १८९१ च्या सुधारणेने आठवड्याची सुटी कायद्यात आणली, पण हंगामी जिने बाहेरच राहिली. ती कायद्याच्या कक्षेत आली १९११ मध्ये. तेव्हाही स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला सूट मिळाली. जिनात कापूस घालणाऱ्या मजुरांत स्त्रियाच मोठ्या संख्येने होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या सवलतीचा भार कोणावर पडला ते उमगते. १९३४ च्या कायद्यानेही बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे चोपन्न तास ठरवले आणि हंगामी कारखान्यांसाठी साठ. हा भेद मिटला तो १९४८ च्या कायद्याने.

लोखंड्यांच्या मागणीपासून मोजले तर ही वाट चौसष्ट वर्षांची. आमच्या वर्गांत कापूस वेचणाऱ्यांची मुले बसतात. त्यांना 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द शिकवताना आम्हाला हा हिशेब टाळता येत नाही. श्रमाचे गुणगान आपल्याकडे पुष्कळ झाले. श्रमणाऱ्याच्या विसाव्याची नोंद मात्र कायद्याच्या अपवादांत शोधावी लागते. ती शोधणे हेही वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.