सव्वासात इंचांची गोलाई

इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवरून बोट फिरवा. फ्रेटबोर्ड मध्ये किंचित फुगीर लागेल. क्लासिकल गिटारचा मात्र जवळजवळ सपाट असतो. ही गोलाई मोजतात त्रिज्येने. आकडा लहान, तर फुगवटा जास्त.

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. स्वतःला गिटार वाजवता येत नसे! 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला त्यांनी सव्वासात इंचांची त्रिज्या दिली. त्यांचं बरंचसं गिऱ्हाईक कंट्री संगीतवालं. कॉर्ड धरायला हा फुगवटा हाताला सोयीचा. गिब्सनच्या 1952 च्या लेस पॉलची त्रिज्या 12 इंच, म्हणजे बरीच चपटी.

पुढे 1960 च्या दशकात ब्लूज-रॉकवाले बारीक तारा लावून त्या आडव्या ओढू लागले. आपले सतारिये मींड काढताना ओढतात, तशाच. इथे गोची झाली. काठावरची तार ओढली की फुगवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर गुदमरतो. वरच्या फ्रेटांवर, तारा खाली बसवल्या असतील तर विशेषच. तारा उंच कराव्यात, तर बोटं दुखतात.

1980 च्या दशकात फेंडर कंपनीने नव्या स्ट्रॅटोकास्टरला साडेनऊ इंच दिले. काही कारागीर खुंट्यांकडे गोल आणि ब्रिजकडे चपटा होत जाणारा फ्रेटबोर्ड घडवतात. मला तोच शहाणपणाचा वाटतो.

तरी फेंडरना दोष देणं मला पटत नाही. त्यांच्या सुरुवातीच्या काळात तिसरी तारही जाड, वर तार गुंडाळलेली असे. ती ओढणार कोण?