विजयेचा औषधी वाद आणि वैद्यकीच्या बाडांची साक्ष

भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडापासून होतात, परंतु हे तीन पदार्थ एक नव्हेत. पानें म्हणजे भांग, मादी झाडाचे राळ भरलेले तुरे म्हणजे गांजा, आणि नुसती राळ म्हणजे चरस. आरंभींच हा भेद सांगण्याचें कारण असें कीं, ह्या वनस्पतीस औषध म्हणावें कीं विष, हा जो वाद सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, त्यांतील निम्मा घोटाळा हा भेद न पाळल्यानें झाला आहे. उरलेला निम्मा कागद नीट न वाचल्याचा आहे. संशोधकांचा संबंध ह्या दुसऱ्या निम्म्याशीं येतो.

भिवंडी तालुक्यांतील काल्हेर हें गांव उल्हास नदीच्या कांठीं, ठाण्याच्या समोरच्या तीरावर वसलें आहे. आज त्याच्या भोंवतीं गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. समोरच्या साष्टीवर १५३४ च्या वसईच्या तहानें पोर्तुगीजांचा अंमल आला. अलीकडचीं कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनीं १६५७ त घेतलीं. ह्या टापूशीं ज्याचा प्रत्यक्ष संबंध होता अशा एका वैद्याचा ग्रंथ आपल्या विषयाचा पहिला छापील साधनग्रंथ ठरतो. गार्सिया द ओर्ता हा १५३४ सालीं गोव्यास आला. पुढें मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. देशी औषधांवरील त्याचे संवाद गोव्यांत १५६३ त छापून निघाले, आणि त्यांतील आठवा संवाद भांगेवर आहे. पानें वाटून, त्यांत साखर व मसाले घालून माजूम कसा करितात, हें तो सांगतो. आपल्या चाकरांनीं तो खाल्ला म्हणजे श्रम जाणवत नाहींत, मन आनंदित राहतें आणि भूक लागते, असें त्यांच्याच तोंडून ऐकल्याचें नमूद करतो. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील किंवा इराण पाहण्याची इच्छा झाली कीं थोडी भांग घेतली म्हणजे काम होतें, हें गुजराथच्या बहादूरशहानें मार्तिम आफोंसो द सौझा ह्यास सांगितल्याचीही गोष्ट त्याच संवादांत आहे. ओर्ता स्वतः वैद्य, तरी ह्या प्रकरणीं त्याचा भर रोगनिवारणापेक्षां कैफावर आहे. त्यास औषधी उपयोगाचा पुरावा म्हणून पुढें करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

औषध म्हणून ह्या वनस्पतीची पद्धतशीर परीक्षा प्रथम कलकत्त्यास झाली. तेथील मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर ओशॉनेसी ह्यानें १८३९ सालीं आपला निबंध वाचला, आणि प्राण्यांवर व नंतर रोग्यांवर केलेले प्रयोग त्यांत दिले. संधिवात, धनुर्वात, पटकी, लहान मुलांचे आंचके व कुत्र्याच्या दंशाचें विष अशा विकारांत त्यानें राळ व अर्क दिला. त्याच्या लेखणीचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. दंशविषाचा रोगी दगावला, हें तो लपवीत नाहीं. मात्र त्याच्या यातना कमी झाल्या, हेंही सांगतो. यातना शमविणें व रोग बरा करणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या होत. पुढील वादांत दोन्ही पक्षांनीं त्या वारंवार एक केल्या.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. २ मार्च १८९३ रोजीं विलायतेच्या कॉमन्स सभेंत विल्यम स्प्रोस्टन केन ह्या मद्यनिषेधवादी सभासदानें प्रश्न काढला. त्यावरून आधीं बंगालपुरती ठरलेली चौकशी पुढें सर्व हिंदुस्थानास लागूं झाली, आणि डब्ल्यू. मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. सभासदांत मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी ओमॅनी होते. रसायनशास्त्रज्ञ वॉर्डन हे होते. मुंबईच्या डायमॉकबरोबर वनौषधींचा मोठा ग्रंथ ज्यांनीं सिद्ध केला तेच हे वॉर्डन. राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन देशी सभासद होते. सत्तर प्रश्नांची यादी इलाखोइलाखीं पाठविण्यांत आली, १,१९३ साक्षी घेतल्या गेल्या, आणि १८९४ सालीं अहवाल तयार झाला. मुंबई इलाख्याच्या साक्षी सातव्या खंडांत आहेत. इलाख्यांत अहमदनगर, सातारा इत्यादि भागांत पीक होई. तुरे पायांनीं तुडवून चपटा केलेला गांजा बाजारांत येई. विक्रीवर १८७८ च्या अबकारी कायद्याचें नियंत्रण होतें.

ह्या अहवालांतील एक प्रकरण आमच्या मतें प्रत्येक संशोधकानें वाचावें, मग त्यास गांजाशीं कर्तव्य असो वा नसो. गांजानें वेड लागतें, ही समजूत त्या वेळीं सरकारी तक्त्यांवर उभी होती. १८९२ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण भांग-गांजा असें नोंदलेलें होतें. कमिशननें ही नोंद कोणी व कशावरून केली हें शोधण्यास आरंभ केला. तेव्हां पुष्कळ ठिकाणीं असें दिसलें कीं, रोग्याबरोबर आलेल्या पोलिसांच्या वर्णनपत्रांत जें लिहिलें तेंच इस्पितळाच्या कारकुनानें रकान्यांत उतरलें, आणि वर्षाअखेर त्या रकान्यांची बेरीज होऊन तीच वैद्यकीय सिद्धान्त म्हणून वर गेली. एकेका रोग्याची फेरतपासणी केल्यावर २२२ पैकीं केवळ ९८ प्रकरणांत संबंध मानण्याजोगा उरला. म्हणजे एकंदर दाखल्यांच्या शेंकडा सुमारें सात. मिति, लेखक, नक्कल व मूळ ह्यांची छाननी आपण सनदांच्या बाबतींत करतों, तीच येथें तक्त्यांच्या बाबतींत झाली.

मित सेवनापासून सामान्यतः अपाय नाहीं, अतिसेवनापासून आहे; सरसकट बंदी नको, कर व परवाने ह्यांनीं नियंत्रण असावें, असा बहुमताचा निकाल पडला. राजा शशिशेखरेश्वर व लाला निहालचंद ह्यांनीं आपलीं भिन्न मतें स्वतंत्रपणें नोंदविलीं. तींही वाचावयास हवींत. केवळ बहुमत उद्धृत करून प्रकरण मिटविणें हें वकिलाचें काम, इतिहासकाराचें नव्हे.

परंतु अहवालाचें एक उणें आम्हांस खटकतें. जोडपत्रांत दोन विद्वान टिपणें आहेत. एक भांगेच्या धार्मिक महत्त्वाविषयीं, जेम्स कॅम्बेल ह्यांचें. ठाणें जिल्ह्याचें १८८२ चें गॅझेटियर ज्यांच्या हातून संकलित झालें तेच हे गृहस्थ. दुसरें ग्रियर्सन ह्यांचें, तें संस्कृत व हिंदी वाङ्मयांतील उल्लेखांविषयीं. मराठीचें टिपण नाहीं! वैद्यांच्या घरांतील बाडें, ज्यांत औषधाचें प्रमाण, अनुपान व कधीं कधीं रोग्याचें नांव सुद्धां असतें, तीं कोणी पाहिलीं नाहींत.

अर्थात् तीं पाहणें सोपें नाहीं. ‘विजया’ हा शब्द घ्या. भावप्रकाशांत तो भांगेचें नांव म्हणून येतो, आणि त्याच ग्रंथांत हरीतकीच्या सात जातींपैकीं एकीचेंही तें नांव आहे. तेव्हां बाडांतील योगांत नुसती ‘विजया’ आढळली म्हणजे भांग मिळाली असें समजूं नये; सोबतचीं द्रव्यें, रोग व मात्रा पाहून अर्थ ठरवावा. दुसरें, ‘गुंज’ हें वजन आणि ‘गांजा’ हें द्रव्य. मोडींत शब्द न तोडतां ओळ एकसारखी धांवते, अनुस्वार पुष्कळदां गळतो, आणि घाईनें वाचणारा वजनाचें द्रव्य करून बसतो. तिसरें, प्राचीनतेचा मोह. अथर्ववेदांत भंगेचा निर्देश आहे, परंतु तेथें ना मात्रा, ना अनुपान. सुश्रुतांतील आधार वादग्रस्त आहे. मेउलेनबेल्ड ह्यांनीं १९८९ सालीं वैद्यक ग्रंथांचा कालक्रम लावण्यासाठीं भंगेच्या उल्लेखांचाच उपयोग केला, तो ह्याच कारणानें कीं ते उल्लेख उशीरां सुरू होतात. शार्ङ्गधरांत मात्र जमीन घट्ट आहे: भांग व अफू हीं शरीरभर पसरून मग पचणाऱ्या द्रव्यांचीं उदाहरणें म्हणून दिलीं आहेत, आणि ग्रहणीवरील जातीफलादि चूर्णांत भांग आहे. पोथीपरंपरेंत भांग शोधून, म्हणजे धुऊन, दुधांत शिजवून वा तुपांत परतून, मगच घेण्याचा दंडक आहे. चिलमीचा येथें संबंधच नाहीं.

विलायती वैद्यकानें हें औषध सोडलें त्यांत नैतिक भीति होती, तशी व्यवहाराची अडचणही होती. राळ पाण्यांत विरघळत नाहीं, आणि एका गांवच्या गांजाचा जोर दुसऱ्या गांवच्या गांजास नसे. म्हणून अर्काची मात्रा ठरेना. ब्रिटिश फार्माकोपियांतून तें १९३२ सालीं वगळलें गेलें. त्याचें मुख्य मादक तत्त्व इस्राएलांत गाओनी व मेशूलम ह्यांनीं शुद्ध रूपांत वेगळें केलें तें १९६४ सालीं. इकडे १९३० च्या कायद्यानंतर १९८५ चा कायदा आला. त्यांत गांजा व चरस बंद झाले, परंतु गांजाच्या व्याख्येंतून तुऱ्यांविरहित पानें व बीं वगळलीं गेलीं. आयुर्वेदीय औषधांच्या नियमांत भांग विषवर्गाच्या यादींत राहून वापरांत राहिली. डिसेंबर १९२० नव्हे, तर पूर्ण शंभर वर्षांनीं, डिसेंबर २०२० मध्यें, संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्य आयोगानें ही वनस्पति अतिकडक यादींतून काढली. मतें २७ विरुद्ध २५ पडलीं, आणि हिंदुस्थानचें मत काढण्याच्या बाजूस होतें.

आज पुनः औषधी उपयोगाचा प्रश्न उठला आहे, आणि ‘आपल्या पूर्वजांनीं’ ह्या शब्दांनीं सुरू होणारीं विधानें दोन्हीकडून ऐकूं येतात. पूर्वजांनीं काय केलें हें ज्यांत आहे ते कागद मात्र जुनें घर पाडतांना रद्दींत जातात. खाडीकांठच्या ज्या गांवांत जमिनी गोदामांखालीं गेल्या तेथें तर हें भय अधिक. संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, बाडांतून औषधाचें पानच काढून घेऊं नये. मागचापुढचा जमाखर्च, सावकारी टिपण, मिति व हस्ताक्षर ह्यांसह तें अखंड ठेवावें, कारण योगाचा काळ त्यांवरूनच ठरतो. नक्कल करतांना विजया, भांग, गांजा, सिद्धि हे शब्द मुळांत असतील तसेच उतरावे, त्यांचा अर्थ कंसांत घालूं नये. मात्रा मासे, गुंज वा तोळे ज्या मापांत असेल त्याच मापांत द्यावी. काल्हेर, भिवंडी, कल्याण ह्या टापूंतील कोणाच्या घरीं असें बाड असल्यास निदान त्याचीं सर्व पानें क्रमानें, कोऱ्या पानांसह, छायाचित्रित करून घ्यावीं.