सरकार, जदुनाथ : ग्रंथसंग्रह

सरकार, जदुनाथ (१० डिसेंबर १८७०–१९ मे १९५८) : ग्रंथसंग्रह. मोगल व मराठा इतिहासाचे बंगाली संशोधक सर जदुनाथ सरकार यांचा खासगी संग्रह. त्यांच्या पश्चात तो कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आला. फार्सी हस्तलिखिते आणि त्यांच्या नकला हा त्याचा गाभा.

जडणघडण : सरकार यांच्या नोकरीची बरीच वर्षे पाटण्यास प्राध्यापकीत गेली. तेथील खुदाबक्ष ग्रंथालय हाताशी होते. पण औरंगजेबाच्या कारकिर्दीची साधने देशात आणि यूरोपात विखुरलेली होती. दफ्तरखाने संशोधकांना सहज खुले नसत. त्यामुळे जे वाचायचे ते आधी उतरवून घ्यायचे, तेही पदरमोड करून, अशी रीत पडली. यूरोपातील प्रतींच्या नकला व छायाचित्रे मिळवण्यात निवृत्त सनदी अधिकारी विल्यम आयर्विन यांची मदत झाली. आयर्विन १९११ मध्ये वारले; त्यांचा अपुरा राहिलेला उत्तरकालीन मोगलांचा इतिहास सरकार यांनी संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला.

संग्रहातील सर्वांत मोलाच्या वस्तू म्हणजे औरंगजेबाच्या दरबारच्या अखबारांच्या (दरबारी बातमीपत्रांच्या) नकला. मूळ कागद जयपूरचे. त्यांतील एक मोठा भाग राजपुतान्यातील इंग्रज अधिकारी कर्नल टॉड यांच्यामार्फत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत गेला होता. रोजच्या नेमणुका, बढत्या, कूच-मुक्काम यांच्या या त्रोटक नोंदींमुळे तवारिखांतील तारखा पडताळता आल्या. मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘हफ्त अंजुमन’ अधिक महत्त्वाचे : मिर्झाराजे जयसिंगाच्या या पत्रसंग्रहातून १६६५ च्या पुरंदर मोहिमेची मोगल बाजू प्रथमच तपशीलवार कळली. एवढ्या एका साधनासाठीही हा संग्रह महाराष्ट्रात माहीत असायला हवा.

छापील ग्रंथ : इंग्रजी, फार्सी, बंगाली, मराठी.

देवघेव : संग्रह एकट्याचा असला तरी एकट्याने वाढला नाही. मराठ्यांचे इतिहासकार गो. स. सरदेसाई (१८६५–१९५९) यांच्याशी सुमारे अर्धशतक पत्रव्यवहार चालला. सरदेसाई कामशेतहून मराठी साधनांची माहिती पाठवीत, सरकार फार्सी साधनांची. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड (१९३०–३४) सरदेसाई यांनी संपादले. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराची माला दोघांची. पेशवे दफ्तर कोणाला खुले करावे, यावरून पुण्यातील संशोधकांशी त्यांचे मतभेद झाले. त्याविषयी दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आहे. सरकार यांचे शिष्य, सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह, यांनी माळव्यात असाच संग्रह उभारला. सरकार यांच्याकडील अनेक साधनांच्या प्रती तेथेही आहेत, त्यामुळे अभ्यासकाला कलकत्त्याची वारी चुकते. पुढे रघुबीरसिंह यांच्या संग्रहातूनच नटनागर शोध संस्थान निघाले.

निवासस्थान : लेक टेरेस, कलकत्ता. हे घर पुढे सामाजिक शास्त्रांच्या संशोधन केंद्राकडे गेले.