सरड्याच्या अंगावरची नोंद

आमच्या कवठेमहांकाळ भागात, ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होतो. एसटीच्या खिडकीतून त्या मोजायचो. इंजिनिअर व्हायचं वेड तिथूनच लागलं. आजोबा मात्र म्हणायचे, "ही आल्यापासून माळावर घारी, ससाणे दिसंनात." पुढं कॉलेजात गेल्यावर मी त्यांना ऐकवलं होतं की आठवण म्हणजे डेटा नव्हे.

डेटा निघाला तो शेजारच्या सातारा जिल्ह्यात. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे. पाटणकडचं वनकुसवडे आणि हे पठार इथं नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्यांची रांगच लागली. वारा होताच, पण करसवलतही होती. तेव्हा पवनचक्कीची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता यायची. पुढं २००६ साली केंद्रानं पर्यावरण मंजुरीची अधिसूचना काढली, तिच्या यादीत पवनऊर्जा नाही. म्हणजे चक्की उभारण्याआधी तिथले पक्षी मोजा, असं त्या कायद्यानं कुणाला सांगितलं नाही.

ते काम मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलं. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आला. चक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची त्यांनी तुलना केली. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चार पटींनी कमी होते.

पवनचक्की आणि पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पात्याला धडकून मेलेली घार येते. मेलेली घार निदान मोजता तरी येते. जी यायचीच थांबली, ती कशी मोजणार?

इथं उपयोगी पडला सरडा. चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा एक सरडा आहे, 'सारडा सुपर्बा'. २०१६ साली त्याला हे शास्त्रीय नाव मिळालं आणि त्यातलं 'सारडा' आपल्या मराठी सरड्यावरूनच घेतलंय. (हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.) चक्क्यांच्या भागात शिकारी कमी, म्हणून हे सरडे जास्त. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरकही कमी. माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. ऐकायला सुखाचं वाटतं, पण गर्दी वाढली की वाटणी आलीच. इथले सरडे अंगानं हडकलेले आणि नराच्या गळ्याचा रंगही फिका. आकाशातून घार गेल्याची नोंद जमिनीवरच्या सरड्याच्या अंगावर उमटली होती. एका मॉड्यूलमधली लाईन काढावी आणि बग तिसरीकडंच दिसावा, तसं.

वीज नको असं मी म्हणणार नाही. माझा लॅपटॉप काही हवेवर चालत नाही. किंवा कदाचित चालतही असेल, याच हवेवर. पण ज्या यंत्रांकडं बघून मी इंजिनिअर झालो, त्यांच्या हिशेबात मेगावॉट सोडून दुसरा रकानाच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या मे महिन्यात चाळकेवाडीला गेलो होतो. चक्कीच्या पायथ्याजवळ एका दगडावर सरडा बसला होता. डोक्यावरून पात्याची सावली फिरत होती. फोन काढून मी दोन पावलांवर गेलो, तरी तो हलला नाही. फोटो छान आला.