जलसा, मैफल, बैठक: गाणं एकच, शब्द इतके का?

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. जलसा.

हा शब्द ऐकल्यावर बहुतेकांना अमिताभ बच्चन यांचा जुहूचा बंगला आठवेल. किंवा परीक्षेच्या तोंडावर आईनं मारलेला टोमणा: "अभ्यास राहिला बाजूला, नुसते जलसे चाललेत!" आज आपल्या बोलण्यात जलसा म्हणजे ऐश, मौजमजा. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे जलसा म्हणजे लोकांसमोर होणारा गाण्याचा कार्यक्रम.

आता गंमत बघा. जलसा हा शब्द मूळ अरबी आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे बसणं. आपली 'बैठक' तर उघडच बसण्यावरून आली. 'मैफल' म्हणजे महफिल, तोही अरबी, त्याच्या मुळाशी जमणं. तिकडे चेन्नईत शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमाला कचेरी म्हणतात, आणि आपल्याकडे कचेरी म्हणजे सरकारी ऑफिस! म्हणजे यातला एकही शब्द सुरांबद्दल काही सांगत नाही. सगळे सांगतात ते माणसं एकत्र जमण्याबद्दल, बसण्याबद्दल. मग माझा प्रश्न साधा आहे: बसायला कुणाला मिळत होतं?

मैफल आणि बैठक भरायची दरबारात, नाहीतर सरदार-सावकारांच्या वाड्यात. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब 1895 मध्ये कोल्हापूरला आले आणि शाहू महाराजांच्या दरबारचे गवई झाले. असं गाणं ऐकायचं तर आमंत्रण हवं. रस्त्यावरचा माणूस फार तर भिंतीपलीकडून ऐकणार.

हे दार थोडं उघडलं तिकिटानं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर 1896 मध्ये मिरजेहून बाहेर पडले आणि पुढे सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून गाणं केलं. 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आता पैसे भरले की कारकून, मास्तर, दुकानदार कुणीही समोर बसू शकत होता. असल्या जाहीर गाण्यांना लोक जलसा म्हणू लागले. पुढे हिराबाई बडोदेकरांनीही असे तिकिटाचे जलसे केले. ज्या काळात बाईनं चारचौघांत गायलं की तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचे, त्या काळात! आमंत्रणाची मैफल आणि तिकिटाचा जलसा यांत केवढा फरक होता, ते इथे कळतं.

पण ज्याच्याकडे तिकिटाचेही पैसे नव्हते, त्याचं काय? त्याच्यासाठी दुसरा जलसा होता.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचे विचार गावोगाव न्यायचे कसे? वाचता येणारे थोडे, तमाशा बघणारे सगळे. म्हणून सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेतला, शृंगार बाजूला ठेवला आणि गाण्यांत, संवादांत भरलं शिक्षण, सावकाराचं कर्ज, भटजींच्या नावानं होणारा खर्च. हा सत्यशोधक जलसा. ज्या कोल्हापूरच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते, त्याच कोल्हापुरात 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं सत्यशोधक समाज उभा राहिला. गाव एक, राजा एक, आणि गाणं ऐकायला बसण्याच्या जागा किती निरनिराळ्या!

महाडचा सत्याग्रह 1927 चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 चा. या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोचत नव्हतं, तिथे चळवळीची बातमी ढोलकीच्या तालावर पोचली. इथे ना आमंत्रण, ना प्रतिष्ठितांची पहिली रांग. समोर जमिनीवर अख्खी वस्ती.

मग हा शब्द मागे कसा पडला? चाळीसच्या दशकात 'कलापथक' आलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांचं लाल बावटा कलापथक त्यातलंच. शास्त्रीय संगीताकडे आधी 'परिषद' आली, मग 'महोत्सव'. पुण्यात 1953 पासून सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला तर आपण नुसतं 'सवाई' म्हणतो. रेडिओनं 'कार्यक्रम' घरोघर नेला. आज आपण म्हणतो प्रोग्रॅम, शो, कॉन्सर्ट. घरातली जुनी माणसं मात्र अजून सरळ म्हणतात, "आज गाणं आहे, येतोस का?"

उरलेल्या शब्दांची आजची किंमत बघा. मैफल अजून रुबाबात आहे. "मैफल रंगली" म्हटलं की गजरा, अत्तर, तानपुरा डोळ्यांसमोर येतो. फड मात्र गप्पांचा, उसाचा, नाहीतर तमाशाचा. "तमाशा करू नकोस" ही तर चक्क दटावणी. आणि जलसा म्हणजे चैन. वाड्यातल्या शब्दाचा मान टिकला, चावडीसमोरच्या शब्दांची टिंगल झाली. हा निव्वळ योगायोग आहे, असं मला वाटत नाही.

याचा परिणाम आपल्या इतिहासावरही होतो. पलुस्कर आपल्याला 'संगीत' या धड्यात भेटतात. कर्डक भेटलेच तर 'चळवळ' किंवा 'लोककला' या धड्यात. दोघंही लोकांसमोर गायला बसले, दोघांच्याही काळात त्याला जलसाच म्हणत. मग एक संगीतकार आणि दुसरा फक्त कार्यकर्ता, हे ठरवलं कुणी? जलशांतल्या माणसांनी चाली बांधल्या, आवाज कमावला, रात्र-रात्र माणसं जागेवर खिळवून ठेवली. हे संगीत नाही तर काय?

कर्डकांनी आपल्या जलशांवर स्वतः पुस्तक लिहून ठेवलं. पण गावोगावच्या कितीतरी जलसाकारांची गाणी कागदावर आलीच नाहीत. ती आहेत कुणाच्या तरी आजीच्या, आजोबांच्या आठवणीत. तुमच्या हातातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. या सुट्टीत गावी गेलात की त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: तुमच्याकडे गाणं असलं की त्याला काय म्हणायचे? कोण गायचं? आणि ऐकायला कोण कुठे बसायचं?

एवढं विचारलंत की पुढचं ते सांगतील. भेटू पुढच्या भागात!