पित्ताशयोच्छेदन, तातडीचे

पित्ताशयाच्या मुखाशी खडा अडकून तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न झाला असता, तो ओसरण्याची वाट न पाहता थोड्याच दिवसांत पित्ताशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेस तातडीचे पित्ताशयोच्छेदन म्हणतात. ही शस्त्रक्रिया आता बहुधा पोटावर ५ ते १० मिमी. लांबीचे तीन-चार छेद घेऊन दुर्बिणीद्वारे करतात. छेद लहान असले, तरी आतील शस्त्रक्रिया मोठीच असते. तिचे धोके मुख्यतः शोथाच्या अवस्थेवर व झालेल्या विलंबावर अवलंबून असतात.

इतिहास : पूर्वी पित्ताशय उघडून केवळ खडे काढीत असत व ते पुन्हा निर्माण होत. खडे जेथे तयार होतात तो अवयवच काढावा, या विचाराने कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे पहिले पित्ताशयोच्छेदन केले. पुढे सु. शंभर वर्षे ते उदरावर मोठा छेद घेऊनच होत असे. दुर्बिणीद्वारे पहिली शस्त्रक्रिया एरिख म्यूए यांनी १९८५ मध्ये जर्मनीत, तर भारतातील पहिली तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत केली.

आरंभी तीव्र शोथात दुर्बिणीचा वापर निषिद्ध मानीत. औषधांनी शोथ शमवून सहा ते आठ आठवड्यांनी शस्त्रक्रिया करीत. या काळात अनेकांना पुन्हा झटके येत. लवकर शस्त्रक्रिया केल्याने पित्तवाहिनीच्या इजा वाढत नाहीत व रुग्णालयातील वास्तव्य कमी होते, असे तौलनिक अभ्यासांतून दिसून आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोकिओ मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार रुग्णाची प्रकृती झेपणारी असल्यास शस्त्रक्रिया शक्य तितक्या लवकर करावी.

उपद्रव : सर्वांत गंभीर उपद्रव म्हणजे मुख्य पित्तवाहिनीची इजा. शोथामुळे ऊतके एकमेकांस चिकटतात व पित्ताशयनलिका समजून मुख्य वाहिनीच कापली जाण्याचा संभव असतो. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण सु. ०·१ ते ०·२% होते. दुर्बिणीच्या पहिल्या दशकात ते सु. ०·५ टक्क्यांपर्यंत वाढले. यावर उपाय म्हणून स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक दंडक मांडला : पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवून, त्यात केवळ दोनच रचना जात असल्याचे स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नये. रक्तस्राव, पित्तगळती, आतड्यास इजा व जंतुसंसर्ग हे इतर उपद्रव होत.

जोखीम वाढविणारे घटक : उतारवय, पुरुषलिंग, स्थूलता, मधुमेह, पोटाच्या वरच्या भागावरील पूर्वीची शस्त्रक्रिया, पित्ताशयाची जाड भित्ती, कोथ (ऊतकमृत्यू) व विलंब. रचना ओळखता न आल्यास मोठा छेद घेणे किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून थांबणे हे अपयश नव्हे. ती रुग्णाच्या रक्षणाची रीत होय.

मराठवाड्यातील स्थिती : मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. नांदेड येथे ते १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणी शल्यचिकित्सेचे शिक्षण व सेवा एकत्र आली. तथापि किनवट व माहूरसारखी ठिकाणे नांदेडपासून रस्त्याने शंभर किमी.पेक्षा जास्त दूर आहेत. शिवाय मराठीत आम्लपित्तालाही ‘पित्त’च म्हणतात. त्यामुळे उजव्या बरगडीखालील वेदना ‘पित्त झाले’ असे समजून अंगावर काढण्याची शक्यता असते. वेदना काही तास न थांबता ताप, उलट्या किंवा कावीळ दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालविणे घातक ठरते. खर्चाची अडचण कमी करण्यासाठी राज्य शासनाची आरोग्यविमा योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते. २०१३ मध्ये ती लातूरसह राज्यभर लागू झाली. पैशाची सोय झाली, तरी गेलेला वेळ भरून येत नाही. शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच रुग्ण त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचतो, यावर या शस्त्रक्रियेची सुरक्षितता अवलंबून असते.