व्हायकिंगांच्या धर्मश्रद्धा आणि अंत्यसंस्कार

स्कँडिनेव्हियातील लोकांच्या, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करण्यापूर्वीच्या, देवताविषयक व मरणोत्तर जीवनाविषयक कल्पना आणि त्यांच्याशी निगडित असलेले विधी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न येथील मठावरील हल्ला (७९३) ते स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई (१०६६) हा कालखंड सामान्यतः व्हायकिंग युग म्हणून ओळखला जातो. ‘व्हायकिंग’ हे कोणत्याही एका जमातीचे नाव नव्हे. सागरी स्वारीवर जाणाऱ्या माणसाला उद्देशून ही संज्ञा वापरीत. त्या समाजातील बहुसंख्य लोक शेती, पशुपालन, मासेमारी व व्यापार यांवर उपजीविका करीत. तथापि रणांगणावरील मृत्यूची आस बाळगणारे आणि मृत्यूनंतर वीरलोकात अखंड युद्ध व मद्यपान करणारे योद्धे, अशीच त्यांची प्रतिमा लोकमानसात रूढ झाली आहे. ही प्रतिमा मुख्यतः वाङ्‌मयातून आलेली असून, थडग्यांचा पुरावा तिच्याशी सर्वत्र जुळत नाही.

साधने : या लोकांना रूनिक लिपी अवगत होती, परंतु तिचा उपयोग मुख्यत्वे शिळा, लाकूड व धातू यांवरील लहान लेखांसाठी होई. त्यांनी धर्मग्रंथ रचले नाहीत. त्यांच्या पुराणकथा आज ज्या दोन ग्रंथांवरून ज्ञात आहेत, ते दोन्ही आइसलँडमध्ये तेराव्या शतकात सिद्ध झाले. गद्य एड्डा हा ग्रंथ स्नॉरी स्टर्लूसॉन (११७९–१२४१) या ख्रिस्ती सरदाराने व इतिहासकाराने सु. १२२० मध्ये लिहिला. काव्य एड्डाचे प्रमुख हस्तलिखित त्याच शतकाच्या उत्तरार्धातील असून, कित्येक शतके डेन्मार्कमध्ये राहिल्यानंतर १९७१ मध्ये ते आइसलँडला परत मिळाले. वीरांच्या व घराण्यांच्या गद्यकथा (सागा) याही बव्हंशी तेराव्या शतकातील आहेत. म्हणजे धर्मांतरानंतर दोन-अडीच शतकांनी, नव्या धर्मात वाढलेल्या लेखकांनी जुन्या धर्माची ही वर्णने लिहून ठेवली. समकालीन साधनांत दरबारी कवींची (स्काल्ड) मुखोद्‌गत काव्ये, रून-शिळा, परकीय प्रवाशांचे वृत्तांत आणि उत्खननात सापडलेली थडगी यांचा अंतर्भाव होतो.

देवदेवता : ओडिन हा युद्ध, काव्य, मंत्रविद्या आणि फाशी गेलेले लोक यांचा देव. ज्ञानासाठी त्याने एक डोळा अर्पण केला आणि रूनलिपीचे रहस्य जाणण्यासाठी नऊ रात्री तो वृक्षावर लटकून राहिला, अशा कथा आहेत. तो विजय देई, पण आपल्याच भक्तांचा ऐन वेळी घातही करी; त्यामुळे त्याची उपासना राजे, सरदार व कवी यांच्यात विशेष रूढ होती. सामान्य शेतकऱ्याला जवळचा वाटे तो मेघगर्जनेचा देव थॉर. त्याच्या हातोड्याच्या आकाराचे ताईत मोठ्या संख्येने सापडले असून, आइसलँडमधील व्यक्तिनामांत व स्थलनामांत त्याचे नाव वारंवार आढळते. फ्रेय व त्याची बहीण फ्रेया ही सुफलतेची दैवते होत. पशूंचा व क्वचित मनुष्यांचा बळी देत असत. स्वीडनमधील अप्साला येथे दर नऊ वर्षांनी होणाऱ्या महोत्सवाचे वर्णन ब्रेमेनच्या ॲडम या धर्मोपदेशकाने सु. १०७५ मध्ये केले आहे. मात्र ते ऐकीव माहितीवर आधारलेले आहे.

मरणोत्तर लोक : एड्डांतील वर्णनानुसार युद्धात पडलेल्या निवडक वीरांना वाल्कीरी नावाच्या देवकन्या ओडिनच्या वल्हाला या प्रासादात नेतात. त्याचे छप्पर ढालींचे असते. तेथील वीर दिवसभर परस्परांशी लढतात व सायंकाळी एकत्र भोजनास बसतात. ज्या रानडुकराचे मांस ते खातात, ते दररोज शिजवूनही पुन्हा सजीव होते. जगाच्या अंताच्या वेळी (रॅग्नारॉक) देवांच्या बाजूने लढण्यासाठी ही सेना जमविलेली असते. तथापि त्या युद्धात ओडिनचाही मृत्यू अटळ आहे. वल्हालाला ५४० दारे असून प्रत्येकातून एका वेळी ८०० वीर बाहेर पडतील, असे एका काव्यात म्हटले आहे. हा गुणाकार ४,३२,००० येतो. कलियुगाच्या वर्षांशी तो जुळत असल्याने काहींनी भारतीय कालगणनेशी त्याचा संबंध जोडला. परंतु प्राचीन नॉर्स भाषेत ‘शंभर’ हा शब्द १२० या अर्थी रूढ होता. त्या हिशोबाने ६४० दारे व ९६० वीर होतात आणि साम्य उरत नाही.

वल्हाला हा मृतांचा एकमेव लोक नव्हता. युद्धात पडलेल्यांपैकी अर्धे वीर फ्रेयाच्या वाट्याला जात. समुद्रात बुडालेल्यांना रान ही देवता जाळ्यात ओढी. आजाराने वा वार्धक्याने मरणारे हेल या पाताळलोकी जातात, असे स्नॉरी सांगतो. पण त्यानेच दिलेल्या कथेत शस्त्राघाताने मारला गेलेला बाल्डर हा देवही हेलकडेच जातो. आइसलँडमधील एका घराण्याच्या समजुतीप्रमाणे त्यांचे मृत नातलग जवळच्याच हेल्गाफेल या टेकडीच्या पोटात वास करीत. मासेमारीला गेलेल्या त्यांच्या तरुण यजमानाचे तेथे आनंदाने स्वागत होताना एका गुराख्याने पाहिले, अशी कथा आहे. या कल्पनांना एका सूत्रात बसविण्याचा प्रयत्न स्नॉरीने केला. मुळात तशी सुसंगती बहुधा नव्हती.

असे असले, तरी वल्हाला ही केवळ स्नॉरीची निर्मिती नव्हे. दहाव्या शतकातील दोन दरबारी काव्यांत, एरिक व हाकोन या नॉर्वेच्या राजांच्या मृत्यूनंतर, त्यांच्या वल्हालाप्रवेशाचे वर्णन आलेले आहे. यांपैकी हाकोन हा इंग्लंडच्या राजदरबारात ख्रिस्ती म्हणून वाढलेला होता, सु. ९६१ मध्ये तो लढाईत पडल्यावर त्याच्या अनुयायांनी त्याला जुन्या पद्धतीनेच पुरले. वल्हालाची कल्पना ही राजा व त्याचे शस्त्रधारी अनुचर यांच्या जगातली होती, असे यावरून म्हणता येते. रणात पडलेल्या वीराला अप्सरा स्वर्गात नेतात, हे महाराष्ट्र-कर्नाटकातील वीरगळांवरील दृश्य येथे आठवते. दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. मात्र धन्यासाठी प्राण देणाऱ्याला परलोकी सन्मानाचे आश्वासन देण्याची गरज दोन्ही समाजांना भासली होती.

थडगी : दहन व दफन या दोन्ही प्रथा एकाच काळी प्रचलित होत्या. डेन्मार्कमधील लिंडहोम होये येथे सु. ७०० थडगी उघडकीस आली. त्यांतील बहुसंख्य दहनाची असून, अनेकांभोवती नौकेच्या आकारात दगड मांडलेले आहेत. प्रत्यक्ष नौकेत पुरण्याचा मान थोड्यांनाच मिळे. नॉर्वेतील गॉकस्टा येथे १८८० मध्ये सापडलेल्या सु. २३ मी. लांबीच्या नौकेत एका पुरुषाचे अवशेष होते; त्याच्यासोबत घोडे, कुत्रे व दूरदेशाहून आणलेले मोरही पुरलेले होते. ओसबर्ग येथील सर्वांत समृद्ध नौकाथडगे (८३४) मात्र दोन स्त्रियांचे आहे. त्यात गाडी, घसरगाड्या, पलंग व वस्त्रे होती. ही नौका एका मोठ्या दगडाला बांधून ठेवलेली होती. त्यामुळे ती परलोकप्रवासासाठी होती की मृतांचे निवासस्थान म्हणून, हा प्रश्न उद्‌भवतो.

एस्टोनियातील साल्मे येथे २००८ नंतर मिळालेल्या, सु. ७५० मधील दोन नौकांत ४१ पुरुष आढळले. अनेकांच्या अस्थींवर घाव असून, सोबत तलवारी, ढाली व सोंगट्या होत्या. त्यांपैकी चौघे सख्खे भाऊ शेजारी-शेजारी पुरलेले होते, असे जनुकीय परीक्षणावरून २०२० मध्ये दिसून आले. स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उत्खनन केलेले, शस्त्रे व दोन घोडे असलेले थडगे दीर्घकाळ पुरुष योद्ध्याचे समजले जाई. ते स्त्रीचे असल्याचे २०१७ मध्ये सिद्ध झाले. ती स्वतः योद्धा होती किंवा नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्रेतासोबत ठेवलेल्या वस्तू मृताच्या व्यवसायाच्या निदर्शक असतात, हे गृहीतकच त्यामुळे पुन्हा तपासले जाऊ लागले.

दहनविधीचा वृत्तांत : अब्बासी खलीफाच्या शिष्टमंडळातील इब्न फद्‌लान याने ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी, रूस नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तरेकडील व्यापाऱ्यांच्या नायकाचा अंत्यविधी पाहिला. प्रेत दहा दिवस तात्पुरत्या खड्ड्यात ठेवले होते. मृताच्या संपत्तीचा एक भाग कुटुंबासाठी, एक प्रेतवस्त्रांसाठी व एक मद्यासाठी राखून ठेवला होता. धन्यासोबत कोण मरेल, असे दासींना विचारण्यात आले व एकीने होकार दिला. त्यानंतर तिला माघार घेता येत नव्हती. तिच्यावर पाळत ठेवण्यात आली. तिला मद्य पाजून, चौकटीसारख्या रचनेवर तीन वेळा उचलून धरण्यात आले. तेव्हा आपले आईबाप, मृत आप्त आणि अखेर एका रम्य, हिरव्यागार लोकात बसलेला आपला धनी दिसत असल्याचे ती म्हणाली. नंतर तिच्यावर पुरुषांनी अत्याचार केले आणि एका वृद्धेच्या हातून तिची हत्या झाली. तिचा आक्रोश ऐकू येऊ नये, म्हणून पुरुष ढाली बडवीत होते. नौका जाळून त्या जागी मातीचा उंचवटा उभारण्यात आला व त्यावरील खांबावर नायकाचे नाव लिहिले गेले. दासीचे नाव वृत्तांतात नाही. या विधीत दिसणारा परलोकही रणवीरांचा नसून धनी व आप्त यांच्या पुनर्भेटीचा आहे.

मृत आणि जिवंत : अंत्यविधीचा एक हेतू मृताला सन्मानाने निरोप देण्याचा, तर दुसरा त्याला परत येऊ न देण्याचा होता. थडग्यातून उठून माणसांना व गुरांना छळणाऱ्या मृतांच्या (द्राउग) अनेक कथा सागांत आहेत. घराची भिंत फोडून त्या वाटेने प्रेत बाहेर नेल्याची उदाहरणे त्यांत आढळतात. मृताला परतीची वाट सापडू नये, हा त्यामागील उद्देश असावा. मृताच्या स्मरणार्थ यवसुरेची मेजवानी होई व तिच्यात वारस विधिपूर्वक यजमानाच्या उच्चासनावर बसे. अशा रीतीने अंत्यविधी आणि वारसाहक्क परस्परांशी निगडित होते. स्वीडनमधील हिलेरशो येथील अकराव्या शतकातील रून-शिळेवर गेरलॉग या स्त्रीला मुलीकडून मिळालेल्या वारशाची साद्यंत हकीकत कोरलेली आहे.

धर्मांतर : डेन्मार्कचा राजा हारल ब्लूटूथ याने सु. ९६५ मध्ये येलिंग येथील शिळेवर डेन लोकांना ख्रिस्ती केल्याची नोंद कोरविली. आइसलँडच्या लोकसभेने सु. १००० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र घोड्याचे मांस खाणे, नवजात अर्भके टाकून देणे व गुप्तपणे बळी अर्पण करणे यांस काही काळ मुभा होती. जटलंडमधील ट्रेंडगोर येथे मिळालेल्या दगडी साच्यात क्रूस व थॉरचा हातोडा ही दोन्ही चिन्हे ओतण्याची सोय आहे. संक्रमणकाळाची त्यावरून चांगली कल्पना येते. पुढे दहनप्रथा व प्रेतासोबत वस्तू पुरण्याची चाल बंद पडून चर्चच्या आवारात दफन होऊ लागले.

उत्तरकालीन प्रतिमा : वल्हालातील वीर शत्रूंच्या कवट्यांतून मद्य पितात, ही समजूत ओल वुर्म या डॅनिश विद्वानाच्या १६३६ मधील ग्रंथातील चुकीच्या भाषांतरातून पसरली, मूळ काव्यात प्राण्यांच्या शिंगांचा आलंकारिक उल्लेख होता. शिंगे असलेल्या शिरस्त्राणांना व्हायकिंगकालीन आधार नाही. व्हाग्नरच्या संगीतिकांच्या १८७६ मधील प्रयोगांतील वेशभूषेमुळे ती लोकप्रिय झाली. विसाव्या शतकात जर्मनीतील नाझींनी या प्रतिमेचा वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी वापर केला. याउलट आइसलँडमध्ये जुन्या देवतांच्या उपासकांच्या संघाला १९७३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. थडग्यांच्या पुराव्यावरून दिसणारे मृत्यूविषयीचे विचार या रणवीरांच्या प्रतिमेहून अधिक विविध आहेत. वीरगतीच्या आकांक्षेबरोबरच आप्तांच्या पुनर्भेटीची आशा, मृतांचे भय, वारशाची व्यवस्था आणि दुर्बलांच्या प्राणांवर सत्ताधाऱ्यांनी सांगितलेला हक्क या सर्वांचे प्रतिबिंब त्यांत पडलेले आहे.